आशेरचा सरळ रस्ता

पॅरिसच्या वायव्येस, सेन नदीने घेतलेल्या एका प्रशस्त वळणाच्या आत, आशेर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजधानीत या गावाचे नाव ज्यांच्या तोंडी होते, ते बहुतेक नगरपालिकेचे अभियंते आणि आरोग्यखात्याचे अधिकारी असावेत. कारण पॅरिसच्या गटारांचे पाणी नदीत सोडून नदी नासवण्यापेक्षा ते दूरच्या शेतांवर पसरावे आणि जमिनीकडूनच त्याचे शोधन करवून घ्यावे, अशी जी योजना त्या काळी अमलात आली होती, तिच्यासाठी १८९५ पासून आशेरच्या शिवारातील विस्तीर्ण जमीन राखून ठेवण्यात आली होती. या सुपीक, सपाट आणि श्रीमंतांनी नाक मुरडून दूर राहावे अशा मुलखातून एक रस्ता गेला होता. तो सरळ होता, त्याला चढउतार नव्हता, आणि शेतीच्या गाड्यांखेरीज त्याच्यावर वर्दळ नव्हती; त्यामुळे ज्यांना नव्या स्वयंचलित वाहनांचा वेग घड्याळ लावून मोजायचा होता, त्यांना पॅरिसच्या आसपास इतकी सोयीची दुसरी जागा मिळणे कठीण होते.

१८ डिसेंबर १८९८ रोजी 'ला फ्रांस ओतोमोबिल' या नियतकालिकाने येथे वेगाची एक परीक्षा योजिली. रस्त्यावर दोन किलोमीटर अंतर आखून घेतले होते. पहिला किलोमीटर उभ्या जागेवरून निघून कापायचा आणि दुसरा, त्याला लागूनच, चढलेल्या वेगात. दोहोंची नोंद मात्र निरनिराळी ठेवायची, असा शिरस्ता पंचांनी घातला. एवढ्या साध्या व्यवस्थेत वाहनाचे दोन अगदी भिन्न गुण वेगळे काढण्याची सोय झाली होती: पहिल्या किलोमीटरात त्याचे त्वरण दिसे, म्हणजे ते किती लवकर आपल्या वेगास पोचते हे कळे, आणि दुसऱ्यात तो वेग प्रत्यक्ष किती आहे याचा हिशेब लागे. त्या दिवशी पेट्रोलवर चालणारी वाहनेही धावली. परंतु ५७ सेकंदांत दुसरा किलोमीटर कापून, म्हणजे ताशी ६३.१५ किलोमीटर वेग गाठून, जो पुढे गेला तो विजेच्या गाडीत बसला होता. जमिनीवरील वेगाच्या विक्रमांची जी वही आज ठेवली जाते, तिच्या पहिल्या ओळीत ही नोंद आहे.

विजेची मोटार चौकातील दिवा हिरवा होताच शेजारच्या पेट्रोलच्या गाडीला मागे टाकून निघून गेली म्हणजे आपल्याकडे हल्ली जे आश्चर्य व्यक्त होते, ते ऐकताना मला ही वही नेहमी आठवते. तिच्यातील पहिल्या सहा नोंदी विजेच्या गाड्यांच्या आहेत, आणि त्या सहाही नोंदी आशेरच्या याच रस्त्यावर, पाच महिन्यांहून कमी अवधीत झालेल्या आहेत. आरंभीच्या उसळीत वीज पेट्रोलला भारी पडते, ही गोष्ट मोटारीच्या इतिहासात नवी नाही, जुनी आहे; मधली काही दशके ती फक्त कोणी विचारली नाही.

डिसेंबरच्या परीक्षेतील विजेता काउंट गास्तों द शासलू-लोबा हा उमरावी घराण्यातील बत्तीस वर्षांचा तरुण. त्याचा पिता तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात नौदल खात्याचा मंत्री होता. १८९५ साली फ्रान्सच्या मोटार क्लबाची स्थापना झाली तेव्हा तीत ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत या काउंटचाही समावेश होता. सारांश, मोटार हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता, आणि छंदासाठी लागणारा सारा सरंजाम त्याच्यापाशी होता. गाडी मात्र त्याच्या घरची नव्हती. ती शार्ल झांतो या पॅरिसच्या गाडीकारखानदाराने बांधली होती. घोड्याच्या बग्ग्या बांधता बांधता विजेच्या गाड्यांकडे वळलेला हा कारागीर मोठा चिकाटीचा होता. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत, जेथे सारे प्रतिस्पर्धी पेट्रोलची किंवा वाफेची वाहने घेऊन उतरले होते तेथे, त्याने विजेची गाडी उतरवली होती आणि वाटेत ठिकठिकाणी भरलेल्या बॅटऱ्या आधीच नेऊन ठेवल्या होत्या. बॅटऱ्या पुढे पाठवून मागून त्यांच्या आधाराने शर्यत करणे, या खटाटोपात जी एक उघड कैफियत आहे तिच्याकडे पुढे यावेच लागेल.

काउंटचा प्रतिस्पर्धी त्या दिवशी आशेरला नव्हता. कामीय जेनात्सी हा बेल्जियन. ब्रुसेल्सच्या एका रबर-कारखानदाराचा मुलगा, शिक्षणाने अभियंता, वय तीस, आणि दाढी इतकी तांबडी की पुढे शर्यतींच्या जगात तो 'तांबडा सैतान' म्हणूनच ओळखला गेला. पॅरिसमध्ये विजेच्या भाड्याच्या गाड्या बांधण्याचा व्यवसाय त्याने थाटला होता. नोव्हेंबरच्या २७ तारखेला, म्हणजे आशेरच्या पहिल्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी, शांतलू येथील चढणीच्या शर्यतीत त्याने आपली विजेची गाडी घातली होती आणि सुमारे १.८ किलोमीटरचा तो उभा चढ ताशी २७ किलोमीटरच्या सरासरीने चढून पहिला क्रमांक पटकावला होता. त्या शर्यतीचे महत्त्व मला आशेरच्या विक्रमांपेक्षा काकणभर अधिकच वाटते. सपाटीवर थोडी शक्तीही हळूहळू वेग साठवू शकते. चढणीवर जोर कमी पडला तर तो लपवता येत नाही.

आशेरची बातमी छापून येताच जेनात्सीने काउंटला आव्हान पाठवले, आणि त्या काळच्या द्वंद्वयुद्धांच्या रिवाजाला शोभेल अशा सौजन्याने काउंटने ते स्वीकारले. १७ जानेवारी १८९९ रोजी दोघे आशेरला समोरासमोर आले. आव्हान देणाराने आधी धावायचे, हा नियम. जेनात्सीने ५४ सेकंदांत किलोमीटर कापला आणि ताशी ६६.६६ किलोमीटरांचा विक्रम आपल्या नावे करून घेतला. तो त्याच्याकडे त्या दिवसाच्या अखेरीपर्यंतही टिकला नाही, कारण पाठोपाठ धावलेल्या काउंटच्या झांतो गाडीने तेच अंतर ५१.२ सेकंदांत, ताशी ७०.३१ किलोमीटरांच्या वेगाने, तोडले. या धावेत काउंटच्या गाडीचे चलित्र जळाले, असे सांगतात. तसे झाले असल्यास नवल नाही, आणि का नाही ते लवकरच दिसेल. दहा दिवसांनी, २७ जानेवारीस, जेनात्सी ४४.८ सेकंदांवर आला: ताशी ८०.३५. मग काउंटने पाच आठवडे घेतले, गाडीचा पुढचा व मागचा भाग वारा कापण्यासाठी निमुळता करून घेतला, आणि ४ मार्च रोजी ३८.८ सेकंदांत, म्हणजे ताशी ९२.७८ किलोमीटरांच्या वेगाने, विक्रम पुन्हा आपल्या घरी आणला.

आता शंभराचा आकडा दोघांच्याही नजरेसमोर होता. आगगाडीने तो आकडा केव्हाच ओलांडला होता; त्यामुळे त्या वेगात माणसाचा श्वास कोंडेल अशी भीती तत्कालीन विद्वानांना वाटत होती, ही पुढे पुष्कळ सांगितली गेलेली कथा मला तितकीशी विश्वासार्ह वाटत नाही. अडचण श्वासाची नव्हती, चाकांची, धावांची आणि बॅटरीच्या तारांची होती. जेनात्सीने या एकाच कामासाठी एक नवी गाडी बांधविली आणि तिला 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'सदा असंतुष्ट', असे नाव ठेवले. पार्तिनियम नावाच्या, ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचे पत्रे वाकवून तयार केलेला तिचा देह टॉर्पेडोच्या आकाराचा होता. आत फुलमेन कंपनीच्या शिशाच्या बॅटऱ्या, खाली मिशलिनचे हवा भरलेले टायर, आणि मागच्या चाकांना सरळ जोडलेली दोन विद्युत् चलित्रे, प्रत्येकी सुमारे २५ किलोवॉटचे. सर्व मिळून वजन १,४५० किलोग्रॅम. शक्ती सुमारे ६८ अश्वशक्ती. एक गोष्ट मात्र या गाडीच्या चित्राकडे पाहणाराच्या डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. वाऱ्याचा विरोध टाळण्यासाठी इतक्या कष्टाने निमुळत्या केलेल्या त्या देहाच्या वर चालक कमरेपासून उघडा बसतो, आणि खाली चाके, आंस व कमानी साऱ्या उघड्याच. त्यामुळे शिल्पकाराने जे कमावले ते बैठकीने बरेचसे गमावले. वायुगतिशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, हे मान्य केले तरी चालकाने वाकून बसावे एवढे तरी कोणाला सुचायला हरकत नव्हती.

एप्रिलच्या आरंभी जेनात्सीने एक धाव घेतली, पण वेळ मोजणारे पंच आपापल्या जागी पोचण्यापूर्वीच तो निघाला, अशी हकीकत आहे. बॅटरी उतरल्यामुळे त्या दिवशी दुसरी धाव घेणे शक्य झाले नाही आणि सारा खटाटोप अदखलपात्र ठरला. २९ एप्रिल १८९९ रोजी मात्र घड्याळे सज्ज होती. किलोमीटर ३४ सेकंदांत संपला. ताशी १०५.८८ किलोमीटर! रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीने शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडल्याचा हा पहिला दाखला, आणि तो पेट्रोलचा एक थेंबही न जाळता मिळालेला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २० मे रोजी, अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये भाड्याची गाडी बेफाम हाकल्याबद्दल एका चालकाला सायकलवरील पोलिसाने पाठलाग करून पकडले व कोठडीत टाकले. वेग होता ताशी १२ मैल, आणि ती गाडीदेखील विजेचीच होती.

या गाड्यांना हा जोर कोठून मिळत होता? विद्युत् चलित्रात तारांच्या गुंडाळ्या चुंबकीय क्षेत्रात फिरतात, आणि फिरता फिरता त्यांच्यात मूळ प्रवाहाला विरोध करणारा एक उलट दाब निर्माण होतो. चलित्र जितके वेगाने फिरेल तितका हा विरोध अधिक. याचाच अर्थ असा, की ते अगदी स्थिर असते तेव्हा विरोध शून्य असतो, प्रवाह मुक्तपणे आत शिरतो, आणि चाक फिरवण्याचा जोर सर्वांत अधिक त्याच क्षणी मिळतो. त्या काळच्या वाहनांत बहुधा असत त्या एकसरी जोडणीच्या चलित्रांत तोच प्रवाह चुंबकाच्या गुंडाळ्यांतूनही जात असल्यामुळे आरंभीचा जोर आणखी वाढे. आणि हे उदार प्रदान चालकाने क्षणभर जास्त मागितले, तर गुंडाळ्या तापून जळत. काउंटच्या चलित्राची गत तशीच झाली असणे अगदी संभाव्य आहे.

पेट्रोलच्या एंजिनाची प्रकृती नेमकी याच्या उलट. ते स्थिर असताना त्याच्यात जोर मुळीच नसतो. हँडल मारून त्याला प्रथम कोणीतरी फिरवावे लागते, आणि फिरू लागल्यावरही ठरावीक फेऱ्यांखाली ते आले की गुदमरून बंद पडते. म्हणून एंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लच लागतो, आणि कमी फेऱ्यांतील दुर्बळपणा झाकण्यासाठी गिअरची दातेरी चाके लागतात. पानार-लेव्हासॉर कंपनीच्या गाडीत एकावर एक सरकून अडकणाऱ्या दातेरी चाकांची जी रचना १८९० नंतर आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली, तिला खुद्द एमिल लेव्हासॉरनेच धसमुसळी पण चालणारी म्हटले होते, अशी आख्यायिका आहे. प्रत्येक गिअर बदलताना एंजिनाचा चाकांशी संबंध क्षणभर तुटतो, आणि तेवढा वेळ गाडी नुसती घरंगळते. जेनात्सीच्या गाडीत बदलायला गिअरच नव्हता. शिवाय १८९९ साली केवळ शक्तीचा आकडा घेतला तरी पेट्रोलची बाजू लंगडी होती. १८९८ ची पॅरिस-ॲमस्टरडॅम-पॅरिस शर्यत फेर्नां शार्रोंने ज्या पानार गाडीत जिंकली ती अवघी ८ अश्वशक्तीची होती.

मग पेट्रोलवाले निरुत्तर झाले काय? मुळीच नाही, आणि त्यांची बाजू ऐकून घेतल्याशिवाय निवाडा करणे अन्यायाचे होईल. जेनात्सीची दोन्ही चलित्रे पूर्ण शक्तीने, म्हणजे सुमारे ५० किलोवॉटने, चालली असे धरले, तरी चौतीस सेकंदांत बॅटरीतून खर्च झालेली वीज अर्ध्या युनिटाहूनही कमी भरते. आपल्या घरातील पंखा एक रात्र फिरतो तेवढ्यात ती संपते. गाडीला वेगास पोचवण्यासाठी साठा फार लागत नाही; लागते ती साठ्यातून एकदम मोठी उचल देण्याची ताकद. शिशाची बॅटरी त्या सावकारासारखी होती, ज्याची एकूण पुंजी थोडी, पण आहे ती मागताक्षणी रोख मोजून देण्याची ज्याची तयारी. आणि पेट्रोल हे अफाट जमीनजुमला असलेल्या परंतु एक रुपया सुटा करायलाही चार ठिकाणी हिंडायला लावणाऱ्या वतनदारासारखे होते. किलोमीटरभराच्या व्यवहारात पहिला जिंकणार हे उघडच होते. पण पॅरिस-बोर्दो-पॅरिसचे अंतर ११७८ किलोमीटर होते, आणि १८९५ साली लेव्हासॉर ते जवळजवळ एकट्याने गाडी हाकीत ४८ तास ४८ मिनिटांत कापून परतला होता. एक किलोग्रॅम पेट्रोलात सुमारे १२ युनिटे ऊर्जा असते. आजच्या चांगल्या शिशाच्या बॅटरीतही एका किलोग्रॅमात युनिटाचा तिसावा-पंचविसावा भागच मावतो, आणि त्या काळच्या बॅटरीत त्याहूनही कमी. एंजिनाने दहापैकी नऊ भाग धूर, धग आणि आवाज यांत उधळले तरी बोर्दोच्या रस्त्यावर उरलेला दहावा भाग झांतोच्या वाटेवरच्या सर्व बॅटऱ्यांना पुरून उरणारा होता.

याचा अर्थ असा, की कोणती गाडी श्रेष्ठ हे एंजिनावर ठरत नव्हते. कोणते अंतर मोजायचे यावर ठरत होते. आशेरचा किलोमीटर मोजला की वीज जिंके, बोर्दोचा रस्ता मोजला की पेट्रोल. आणि हे दोन्ही पक्षांच्या धंदेवाल्यांना पूर्ण ठाऊक होते. झांतो आणि जेनात्सी दोघेही शहरात भाड्याने फिरणाऱ्या विजेच्या गाड्या बांधीत आणि विकीत. शहरात रोज थोडे अंतर, पुन्हा पुन्हा थांबणे आणि पुन्हा पुन्हा निघणे, संध्याकाळी एकाच तबेल्यात परत येणे, हे त्यांच्या मालाचे खरे क्षेत्र होते. आशेरच्या झुंजीला शौर्याची झालर होती हे खरेच. पण दोन कारखानदारांनी एकमेकांच्या खर्चाने केलेली ती जाहिरातही होती, आणि जाहिरातीसाठी त्यांनी आपल्याला अनुकूल असलेले अंतर निवडले, यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही.

पेट्रोलवाल्यांनी मग आपले एंजिन मोठे करण्याचा सोपा उपाय केला. तरी जेनात्सीचा विक्रम तीन वर्षे अबाधित राहिला. १३ एप्रिल १९०२ रोजी नीस येथील समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर लेओन सेर्पोलेने तो मोडला तेव्हाही त्याच्या गाडीत पेट्रोलचे एंजिन नव्हते, वाफेचे होते: ताशी १२०.८ किलोमीटर. पेट्रोलचे नाव वहीत आले ते त्याच वर्षी ५ ऑगस्टला, जेव्हा विल्यम के. व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने शार्त्रजवळच्या आब्लिस येथे ६० अश्वशक्तीची मोर्स गाडी ताशी १२२.४४ किलोमीटरांच्या वेगाने हाकली. चार वर्षांत पेट्रोलच्या एंजिनाने ८ अश्वशक्तींवरून साठापर्यंत मजल मारली होती. त्यानंतर त्या वहीत विजेच्या गाडीचे नाव पुन्हा सर्वांच्या वर कधीच आले नाही. काउंट शासलू-लोबा १९०३ साली वारला. त्याच वर्षी जुलैत आयर्लंडमध्ये झालेली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत जेनात्सीने जिंकली, आणि ती जिंकली पेट्रोलच्या मर्सिडीज गाडीत. कारखान्याला आग लागून ९० अश्वशक्तीच्या शर्यती गाड्या जळून गेल्यामुळे एका गिऱ्हाइकाकडून उसनी आणलेली ६० अश्वशक्तीची गाडी घेऊन तो उतरला होता. विजेचा सर्वांत मोठा वकील असा प्रतिपक्षाला मिळाला. पुढे १९१३ च्या डिसेंबरात, शिकारीला गेला असता झुडपाआडून जनावराचा आवाज काढून सोबत्यांची गंमत करताना त्याच्यावर गोळी झाडली गेली, आणि रुग्णालयाच्या वाटेवर मोटारीत त्याचा अंत झाला. ती मोटार मर्सिडीजच होती आणि आपले मरण मर्सिडीजमध्येच येणार असे त्याने आधी म्हणून ठेवले होते, अशी त्याच्या चरित्राची समाप्ती सांगतात.

पेट्रोलच्या गाडीला जी शेवटची गोष्ट हवी होती तीही तिला विजेनेच दिली. हँडल मारून एंजिन सुरू करणे कष्टाचे आणि धोक्याचे होते. उलट फटक्याने मनगटे मोडत. आणि या एका कारणास्तव शहरातील पुष्कळ स्त्रिया विजेची गाडी पसंत करीत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने योजिलेला विद्युत् स्टार्टर बसवून आला आणि ते कारण संपले. स्थिर असतानाच सर्वांत अधिक जोर देणारे तेच चलित्र, आकाराने लहान होऊन, प्रतिस्पर्ध्याच्या पोटात नोकरीला राहिले.

परंतु विजेची उसळी त्यामुळे नाहीशी झाली असे नाही. बॅटरीचे ओझे ज्या वाहनाला वाहावे लागत नाही, त्या वाहनात ती पूर्ण वैभवाने नांदत होती, आणि त्याचा प्रत्यय मुंबईकरांना मोटारीआधी आला. १८७४ पासून घोड्यांनी ओढलेल्या ट्रामा मुंबईत धावत होत्या; ७ मे १९०७ रोजी त्यांची जागा घेऊ लागलेल्या विजेच्या ट्रामा वरच्या तारेतून प्रवाह घेत, आणि दर थोड्या अंतरावर थांबून पुन्हा निघण्याच्या कामात घोड्याचा दम जसा उखडे तसा त्यांचा उखडत नसे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची आगगाडी धावली, तिच्यामागचा मुख्य विचारही त्वरणाचा होता. वाफेच्या एंजिनाला आरंभीचा जोर नसतो असे नाही. पण तो सारा एकाच एंजिनाच्या मोजक्या चाकांवर पडतो, आणि बाष्पकात जितकी वाफ तयार होईल तितकीच शक्ती मिळते. लोकलमध्ये चलित्रे गाडीच्या निरनिराळ्या डब्यांखाली वाटून दिलेली असतात आणि शक्ती दूरच्या विद्युत्‌गृहातून येते. मैलभरावर पुढचे स्थानक असलेल्या मार्गावर निघतानाचे वाचलेले सेकंद मिळून सकाळच्या गर्दीच्या वेळी जादा गाड्या सोडण्याइतके होतात. १८६३ साली खुल्या झालेल्या भोर घाटाच्या १:३७ चढणीवर विजेची एंजिने १९२९ साली चढू लागली आणि पुढच्या वर्षी, १ जून रोजी, दख्खनची राणी सुरू झाली. शांतलूच्या चढणीवर जेनात्सीला जो गुण उपयोगी पडला होता, तोच गुण घाटातील मंकी हिलवर पुणेकरांच्या वाट्याला आला. पण मोटारीच्या वाचकांना ही आपली गोष्ट आहे असे वाटले नाही, कारण ती रुळांवरची होती.

मोटारीच्या जगात त्वरण मोजण्याची पद्धत दरम्यान पेट्रोलच्या सोयीने बदलत होती. १९३० च्या आसपासच्या इंग्रजी नियतकालिकांतील कसोट्यांत गाडी प्रत्येक गिअरमध्ये १० मैलांवरून ३० मैलांवर किती सेकंदांत जाते याचे तक्ते छापीत, आणि गिअर न बदलता, वरच्या गिअरमध्येच, निमूटपणे वेग घेणारी गाडी चांगली समजली जाई. थोडक्यात, उत्तम पेट्रोल मोटार ती, जी विजेच्या मोटारीसारखी वागेल! उभ्या जागेवरून ६० मैलांपर्यंतचा वेळ हेच मोटारीच्या गुणाचे प्रमाण मानण्याची जी चाल अमेरिकेत महायुद्धानंतर पडली, तिचे श्रेय सामान्यतः टॉम मकॅहिल या लेखकाला देतात. १९४६ पासून 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात त्याने मोटारींच्या परीक्षा लिहिल्या. पुढे दशमान पद्धतीच्या देशांत हीच चाल ताशी १०० किलोमीटरांची झाली आणि आपल्याकडेही तीच रूढ आहे. तीतही एक खाच आहे. अमेरिकेतील सरळ रस्त्याच्या शर्यतींत घड्याळ सुरू करणारा प्रकाशकिरण टायरने सोडीपर्यंत गाडी सुमारे एक फूट पुढे सरकलेली असते. तोच फूट हिशेबातून वगळण्याची सवलत तेथील मासिके आणि काही कारखानदार आजही घेतात, आणि त्या एका फुटात सेकंदाचा पाव हिस्सा सहज लपतो. आशेरचे पंच पंचमांश सेकंदापर्यंत मोजीत, पण गाडी हलण्यापूर्वी घड्याळ लावीत.

मकॅहिलच्या या मापाने विजेच्या गाडीला पुन्हा मैदानात बोलावले, हे त्याच्या ध्यानीमनीही नसावे. कॅलिफोर्नियातील एसी प्रोपल्शन या लहानशा कंपनीने १९९७ मध्ये 'टीझीरो' नावाची दोन बैठकींची विजेची गाडी दाखविली. तिच्या पोटात जेनात्सीच्याच जातीच्या शिशाच्या बॅटऱ्या होत्या, आणि तरीही ६० मैलांपर्यंत जायला तिला सुमारे चार सेकंदच लागत. १९८० आणि १९९० च्या दशकांत विकसित झालेल्या लिथियमच्या घटांनी शिशाची जागा घेतली तेव्हा, २००३ साली, तोच वेळ ३.६ सेकंदांवर आला आणि गाडीचे वजनही उतरले. टेस्ला कंपनीची पहिली गाडी, २००८ ची रोडस्टर, याच प्रयोगाच्या प्रेरणेतून निघाली. बोर्दोची उणीव भरून निघाली ती या घटांमुळे. एका किलोग्रॅमात ते शिशाच्या कित्येक पट साठा ठेवतात, पेट्रोलाच्या कित्येक पट कमी. परंतु चलित्र त्यांतील फारच थोडे वाया घालवीत असल्यामुळे दिवसभराच्या प्रवासाला तेवढे आता पुरते.

आता कमतरता पडू लागली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांच्या एका गटाने स्वतः बांधलेली, सुमारे १४० किलोग्रॅम वजनाची आणि चारही चाकांना स्वतंत्र चलित्रे बसविलेली गाडी ०.९५६ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर वेगास पोचविली. तेवढ्यात ती १२.३ मीटर पुढे गेली होती. चलित्रांची शक्ती २४० किलोवॉट होती. पण एवढा जोर चाकांना दिला, की इतकी हलकी गाडी जागच्या जागी टायर घासत राहते. तिचे वजन टायरांना जमिनीवर दाबून धरायला पुरत नाही. म्हणून त्या विद्यार्थ्यांनी गाडीच्या तळाखालची हवा शोषून घेणारी एक यंत्रणा बसविली होती, आणि तिच्या ओढीने ती गाडी धावपट्टीला चिकटून राहिली.